एकटी मोटर नव्हे, टोळी बघ

पेशीत माल वाहणाऱ्या मोटर-प्रथिनांचं सिम्युलेशन लिहिणार असशील, तर त्यांतल्या एकट्या कायनेसिनवर फार काळ अडकू नकोस. त्याचं गणित लवकर कळतं: ८ नॅनोमीटरचं पाऊल, पावलामागे एक एटीपी (पेशीच्या इंधनाचा रेणू), साधारण ६ पिकोन्यूटन जोर आणि मायक्रॉनभर चालून रुळावरून (सूक्ष्मनलिकेवरून) सुटणं. बस्स.

खरा विषय टोळीचा. एकाच मालाला दोन्ही जातींच्या मोटरी चिकटतात. कायनेसिन सहसा पेशीच्या कडेकडे ओढतं, डायनीन आत केंद्रकाकडे. मग रस्सीखेच. इथे जोरांची नुसती बेरीज करू नकोस. भार सारखा वाटला जात नाही. एक मोटर सुटली की उरलेल्यांवर ताण वाढतो, त्याही भराभर सुटतात आणि माल अचानक उलट धावतो.

सस्तन प्राण्यांतलं एकटं डायनीन प्रयोगांत दुबळं, पिकोन्यूटनभर ओढणारं. तरी टोळीत तेच भारी पडतं! मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत रूप मलिक यांच्या गटाने २०१३ साली याचं कारण मांडलं: भार वाढला की पुढचं डायनीन आखूड पावलं टाकतं, मागची त्याला गाठतात आणि ओझं वाटलं जातं. मला हे फार सुंदर वाटतं. तो पेपर आधी वाच, सावकाश.

सिम्युलेशन लिहिताना प्रत्येक मोटरीचा सुटण्याचा दर भारानुसार बदलू दे. सरासरी वेगावर समाधान मानू नकोस. थांबे आणि उलट फेऱ्या मोज.