पुण्यात पहिला फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे, सुरुवात कोठून करावी?

आपल्या प्रश्नाचा आशय असा की, वारज्यात घेतलेल्या टू बीएचके फ्लॅटचा ताबा नुकताच मिळाला आहे, नोकरीसाठी आपल्याला बंगळुरूला जावे लागणार आहे आणि घर रिकामे ठेवण्यापेक्षा ते भाड्याने द्यावे असा विचार आहे. एजंटाने सुचवलेला अकरा महिन्यांचा नोटरीचा करार पुरेसा आहे का, हेही आपण विचारले आहे. सिंहगड रस्त्यावरचा माझा छोटा फ्लॅट मी २०१२ पासून भाड्याने देत आलो आहे आणि नेमकी हीच सुरुवात मी चुकीची केली होती, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी नोटरीच्या कराराविषयी, कारण सर्वांत मोठे नुकसान तेथेच होऊ शकते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज देशाच्या नोंदणी कायद्यातून आलेला आहे. त्या कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो किंवा लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याची परवानगी देणारा) करार असो, तो लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे. मुदत किती महिन्यांची आहे याने फरक पडत नाही, आणि नोंदणीची जबाबदारी भाडेकरूवर नसून घरमालकावर आहे. करार नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पुढे वाद झाला तर घर कोणत्या अटींवर दिले होते याविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते.

या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला अनुभवाने कळला. माझा पहिला करार शंभर रुपयांच्या मुद्रांक कागदावर नोटरीसमोर झाला होता. सात-आठ महिन्यांनी भाडे थांबले. मी विचारणा केली तेव्हा समोरच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले की, ठरलेले भाडे कमी होते आणि मुदत तीन वर्षांची होती. माझ्याकडे नोंदणीकृत कागद नसल्यामुळे माझा शब्द विरुद्ध त्यांचा शब्द एवढेच उरले होते. अखेर थकलेले चार महिन्यांचे भाडे सोडून देऊन मी घर मोकळे करून घेतले. नोंदणीसाठी तेव्हा जे पैसे वाचवले, त्याच्या कितीतरी पट रक्कम त्यात गेली.

नोंदणीचा खर्च मुळात फार नाही. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुदतीतील एकूण भाडे अधिक परत करायच्या अनामत रकमेवरील दरसाल दहा टक्के दराचे मानीव (गृहीत धरलेले) व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. समजा भाडे दरमहा २२,००० रुपये, अनामत ६६,००० रुपये आणि मुदत अकरा महिने आहे, तर मुद्रांक शुल्क सुमारे सव्वासहाशे रुपये होते आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. शिवाय कागदपत्र हाताळणीचे थोडे पैसे आणि करार करून देणाऱ्याचा मेहनताना. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा वापरून हा करार ऑनलाइन नोंदवता येतो. मालक आणि भाडेकरू यांनी एकाच वेळी एका ठिकाणी असण्याची गरज नसते, त्यामुळे आपण बंगळुरूला असताना पुढच्या वर्षीचे नूतनीकरणही तेथून करू शकाल.

लिव्ह अँड लायसन्स हा प्रकार आपल्याकडे इतका रुजला त्यामागे इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूंना मोठे संरक्षण मिळाले, म्हणून मालकांनी घरे ‘भाड्याने’ न देता ‘वापराच्या परवानगीने’ द्यायला सुरुवात केली. पुढे १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन त्या वर्षी १ फेब्रुवारीला चालू करारावर घरात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाला. ‘एकदा घर दिले की गेले’ ही आपल्या आधीच्या पिढीची भीती त्या काळातली आहे. १९९९ च्या कायद्यात चित्र बदलले. राहण्यासाठी परवान्यावर दिलेले घर मुदत संपल्यावर सोडले नाही, तर कलम २४ नुसार मालक दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे न अडकता थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळण्याची तरतूद आहे. तेथे लेखी करारातील मजकूर हाच निर्णायक पुरावा धरला जातो. म्हणून करारातले प्रत्येक वाक्य स्वतः वाचावे आणि एजंटाच्या तयार नमुन्यावर डोळे मिटून अंगठा देऊ नये.

करारात मी या गोष्टी नेहमी पाहतो: मुदत आणि ती संपण्याची तारीख, भाडे कोणत्या तारखेपर्यंत जमा व्हावे, दोन्ही बाजूंना किती दिवसांची सूचना, पहिले काही महिने कोणीही सोडायचे नाही अशी अट असल्यास तिचा स्पष्ट कालावधी, घरात कोण कोण राहणार त्यांची नावे, किरकोळ दुरुस्ती कोणाची आणि मोठी कोणाची, मेंटेनन्स कोण भरणार, आणि घर सोडताना रंगकामासाठी रक्कम कापायची असेल तर ती किती. रंगकामाचा मुद्दा आधी लिहिला नाही तर शेवटच्या दिवशी हमखास कटुता येते. सोबत वस्तूंची यादी जोडावी. पंखे किती, गिझर कोणत्या कंपनीचा, किल्ल्या किती, हे सगळे त्यात यावे.

आता पैशाचा हिशेब, कारण अनेकजण भाडे म्हणजेच उत्पन्न समजतात. समजा फ्लॅटची किंमत ७० लाख आणि भाडे २२,००० आहे. वर्षाचे २,६४,००० रुपये झाले. मेंटेनन्स दरमहा ३,००० आपणच भरणार असाल तर ३६,००० गेले, मिळकतकराचे साधारण १२,००० धरा, दोन भाडेकरूंच्या मधला एक महिना घर रिकामे राहील असे गृहीत धरून २२,००० आणि दुरुस्ती-रंगासाठी १५,००० बाजूला काढा. हाती १,७९,००० उरतात, म्हणजे किमतीच्या अडीच टक्क्यांच्या जरा वर. गृहकर्जाचा हप्ता भाड्यातून भागेल ही अपेक्षा ठेवू नये. माझ्या मते हप्ता स्वतःच्या पगारातून निघत असेल तरच निश्चिंत मनाने भाडेकरू निवडता येतो. ज्याला भाड्याची घाई असते तो पहिल्या आलेल्या माणसाला घर देऊन मोकळा होतो.

मिळकतकराबाबत पुण्यातली एक बाब लक्षात ठेवा. मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीला पुणे महापालिका करआकारणीत ४० टक्के सवलत देते आणि त्यासाठी पीटी-३ अर्ज भरून घेते. घर भाड्याने दिले की ही सवलत लागू होत नाही, त्यामुळे शेजाऱ्याचे बिल पाहून आपला अंदाज बांधू नका. प्राप्तिकरात मात्र थोडा दिलासा आहे. भाड्यातून आपण प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि कर्जाचे व्याजही वजा करता येते. जुन्या करप्रणालीत यातून येणारा तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वळता होतो, नव्या प्रणालीत तो पगारातून वजा करता येत नाही. कोणती प्रणाली घ्यायची हे ठरवताना हा मुद्दा सल्लागारापुढे जरूर मांडा. पुढे कधी परदेशी नोकरी लागली आणि आपण अनिवासी झालात, तर भाडे कितीही कमी असले तरी भाडेकरूला त्यातून करकपात करून ती सरकारकडे भरावी लागते, हेही त्याला वेळेत सांगावे लागेल.

घर दाखवायला सुरुवात करण्यापूर्वी आपण स्वतः त्यात एक पूर्ण दिवस आणि एक रात्र राहावे, असा माझा आग्रह आहे. नव्या इमारतीत तर हे फारच आवश्यक आहे. सकाळी पाणी किती वाजता आणि किती दाबाने येते, स्नानगृहातले पाणी जाळीकडे वाहते की दाराकडे, गिझर लावल्यावर वीज जाते का, स्वयंपाकघरातल्या नळाखाली ओल येते का, रात्री डासांचा त्रास किती, खिडकीची कडी नीट लागते का, हे त्या एका मुक्कामात कळते. बिल्डरच्या जबाबदारीत येणाऱ्या त्रुटी लगेच लेखी कळवा. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यानुसार ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विनामूल्य दुरुस्त करून देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. भाडेकरू राहायला आल्यानंतर भिंती फोडणे सर्वांनाच त्रासाचे होते. मग प्रत्येक खोलीची छायाचित्रे, एक सलग चित्रफीत आणि महावितरणच्या मीटरवरील आकडा टिपून ठेवा आणि त्याच दिवशी भाडेकरूलाही पाठवा. पुराव्याचा हेतू त्यात असतोच, पण दोघांच्या मनात घराचे एकच चित्र राहते हा त्याचा अधिक मोठा उपयोग आहे.

भाडेकरू निवडताना नोकरीचे पत्र, ओळखपत्रे आणि आधीच्या घरमालकाशी एक दूरध्वनी एवढे पुरे होते. आधीच्या मालकाला मी दोनच प्रश्न विचारतो: भाडे वेळेवर येत होते का, आणि घर सोडताना ते कसे दिले. आडनाव, जात, धर्म, खाणे किंवा अविवाहित असणे यांवरून लोकांना नाकारण्याची पद्धत आपल्या शहरात सर्रास आहे आणि ती मला मनापासून चुकीची वाटते. माझ्याकडे सर्वांत चांगल्या राहिलेल्या दोघी नोकरी करणाऱ्या अविवाहित मुली होत्या आणि त्यांना त्याआधी अनेक ठिकाणी दारातूनच परत पाठवले गेले होते. बाजारात २२,००० चालू असताना २४,००० देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसापेक्षा कागदपत्रे नीट असलेला आणि २१,००० वर थांबणारा माणूस मी निवडेन, कारण दोन महिने रिकामे घर वर्षभराचा तो फरक खाऊन टाकते.

सोसायटीत ‘परवानगी’ मागावी लागते असे आपल्याला सांगितले जाईल. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, घर भाड्याने देण्यासाठी सोसायटीची संमती लागत नाही. मात्र लेखी कळवणे, नोंदवलेल्या कराराची प्रत देणे आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिल्याचा पुरावा देणे आवश्यक असते. ही माहिती आता पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही भरता येते आणि ती टाळू नये. भोगवटा नसल्याबद्दलचे, म्हणजे मालक स्वतः घरात राहत नसल्याबद्दलचे, शुल्क सोसायटी आकारू शकते, पण शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. कोणी मनाप्रमाणे दोन-तीन हजार मागत असेल तर हा आदेश दाखवून नम्रपणे हिशेब विचारावा.

आपण दूर राहणार असल्यामुळे एक विश्वासाचा प्लंबर आणि एक वीजतंत्री यांचे क्रमांक भाडेकरूला पहिल्याच दिवशी द्या आणि ‘ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती मला न विचारता करून घ्या, पावती पाठवा’ असे सांगून ठेवा. नळ गळतो म्हणून तीन दिवस फोनाफोनी करावी लागली की माणूस घर शोधायला लागतो. उलट भाडे थकले तरी पाणी किंवा वीज तोडणे, कुलूप बदलणे असले उपाय चुकूनही करू नयेत. अत्यावश्यक सेवा तोडण्याला कायद्यात शिक्षा आहे आणि आपली योग्य बाजूसुद्धा त्यामुळे कमकुवत होते. लेखी सूचना द्यावी आणि गरज पडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे जावे.

राहिली अनामत रक्कम. पुण्यात ती साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी घेतली जाते. ही रक्कम आल्याबरोबर वेगळ्या बँक खात्यात किंवा मुदतठेवीत टाका आणि तिला हात लावू नका. मी पहिल्या वेळी ती मुलाच्या शाळेच्या शुल्कात वापरली आणि पुढे एक कुटुंब अचानक बदलीमुळे निघाले तेव्हा त्यांचे पैसे द्यायला मला भावाकडून उसने घ्यावे लागले. ते कुटुंब नव्या गावी नवी अनामत कशी भरणार याच्या काळजीत आठ दिवस थांबले होते, हे मला नंतर कळले. तेव्हापासून माझा नेम असा आहे की, घराची पाहणी भाडेकरूसोबत बसून, जुनी छायाचित्रे समोर ठेवून करायची, कापायची रक्कम असेल तर तिची पावती दाखवायची, आणि किल्ली हातात येते त्याच वेळी उरलेली पूर्ण रक्कम त्याच्या खात्यात पाठवायची.