परिषदेत मांडण्यासारखं तुझ्या वहीत आहे

प्रश्न : मी सत्तरी तालुक्यातली. एम.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकाचा भाग म्हणून आठवड्यातून दोन दिवस एका कॉलेजच्या मार्गदर्शन कक्षात बसते, पहिल्या वर्षाच्या मुलांना विषय निवडायला मदत करते. कॉलेजात विद्यार्थ्यांना शैक्षणिक सल्ला देणाऱ्यांची एक परिषद होणार आहे, तिथे पेपर पाठव असं मॅडम म्हणतात. ‘गोव्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शनाचे महत्त्व’ या विषयावर सारांश लिहिला आहे, तो सोबत जोडते. वहीतल्या नोंदींची दोन पानंही संदर्भासाठी पाठवते. पण तिथे सगळे प्राध्यापक असणार आणि मी अजून विद्यार्थिनी. चौथीपर्यंत मराठीतून शिकले, इंग्रजी बोलताना अजून अडखळते. जावं का? आणि पुढे नोकरीसाठी याचा उपयोग होतो का?

उत्तर : जरूर जा. पण हा विषय घेऊन जाऊ नकोस.

तुझा सारांश दोनदा वाचला. त्यात चुकीचं काही नाही, आणि नवीनही काही नाही. मार्गदर्शन महत्त्वाचं असतं हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला मान्यच असणार, नाहीतर ती मंडळी आलीच कशाला असती? ‘गोवा’ खोडून ‘नांदेड’ लिहिलं तरी तुझं एकही वाक्य बदलावं लागणार नाही. वहीची पानं मात्र वाचताना मी सरसावून बसले. त्यातली एका मुलाची नोंद अशी (मायनर म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीला घ्यायचा दुय्यम विषय) : ‘मायनरला अर्थशास्त्र हवं होतं. तास साडेतीनला सुटतो. गावची बस तीनची, पुढची सहाला. म्हणून मराठी घेतलं.’ खाली तू पेन्सिलीने लिहिलंयस, ‘असे आणखी बरेच.’

हाच तुझा पेपर.

का, ते जरा सविस्तर सांगते. अमेरिकेत विद्यार्थ्यांना शैक्षणिक सल्ला देणं हा स्वतंत्र व्यवसाय आहे. १९७७ साली व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला या मंडळींची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि त्यातून १९७९ मध्ये ‘नाकाडा’ ही संघटना उभी राहिली. या क्षेत्रात आजही ज्याचा दाखला देतात तो अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ टेरी ओबॅनियन यांनी १९७२ मध्ये सांगितलेला क्रम : आधी आयुष्यात काय करायचंय याचा विचार, मग व्यवसायाचा, मग अभ्यासक्रमाची निवड, मग विषयांची, आणि सगळ्यात शेवटी वेळापत्रक. तुझ्या वहीत हा क्रम उलटा झालाय. वेळापत्रकाने विषय ठरवला, आणि तो विषय उद्या त्या मुलाची वाट ठरवणार. गोव्यातल्या कॉलेजांत २०२३-२४ पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम सुरू झाला. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट (अभ्यासाचे श्रेयांक) लागतात, त्यातले किमान २४ मायनरचे. म्हणजे पदवीचा पाचवा हिस्सा बसने ठरवला! हे ऐकल्यावर समोरचा प्राध्यापक मोबाइल खाली ठेवेल, कारण त्याच्याही कॉलेजात हेच चाललेलं असतं आणि त्याने मुलांना तसं कधी विचारलेलं नसतं.

मात्र नुसतं रडगाणं गाऊ नकोस. वहीच्या दुसऱ्या पानाच्या शेवटी तू अगदी ओझरतं लिहिलंयस की हल्ली मुलाला आवड विचारण्याआधी ‘बस कितीची?’ असं विचारतेस, आणि एका विभागाने दुपारचा तास सकाळी घेतला. अगं, हे शेवटी कसलं लिहितेस? सांगण्यासारखी गोष्ट हीच. परिषदेला आलेला माणूस सोमवारी आपल्या कॉलेजात जाऊन काय करू शकेल, ते त्याला इथे मिळालं पाहिजे. प्रवेशाच्या वेळी मुलांना विचारायच्या प्रश्नांचा तुझा जो कागद वहीत दिसला, त्याच्या प्रती काढून वाट. तास हलवल्यावर किती मुलांनी मायनर बदलला ते विभागाकडून नीट मोजून घे. आकडा लहान निघाला तरी आहे तोच सांग, फुगवू नकोस.

सारांश नव्याने लिही. परिषदेच्या पत्रकात शब्दमर्यादा दिलेली असते, ती पाळ. पहिलं वाक्य त्या मुलाचं, दुसऱ्यात तू काय पाहिलंस, मग काय केलंस, शेवटी ऐकणाऱ्याच्या हाती काय लागेल. ‘आजच्या स्पर्धेच्या युगात’ने सुरू होणारा परिच्छेद सरळ काढून टाक. तू विद्यार्थिनी असल्याची भीती म्हणशील, तर बऱ्याच परिषदांत निवड करणारे नाव आणि हुद्दा झाकूनच सारांश वाचतात.

एका बाबतीत मात्र फार जप. गोवा एवढासा. ‘वाळपईजवळची मुलगी, वडील बोटीवर, मायनर फ्रेंच’ एवढं म्हटलंस की सभागृहातले चारजण तरी म्हणतील, अरे ही तर अमक्याची! नाव गाळलं म्हणजे ओळख लपली असं होत नाही. गाव, वडिलांचा धंदा, विषय यातलं काहीतरी गाळ. ज्यांची वाक्यं वापरणार त्यांची लेखी संमती घे आणि कक्षाच्या प्रमुखांना आधी दाखव. तुला सल्लागार व्हायचंय, तेव्हा ही सवय आत्ताच लागलेली बरी.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नकोस. सगळा विषय आधी घरी आईला मराठीत सांगून बघ. तिला जिथे कळणार नाही, तिथे विषय तुलाच पुरता कळलेला नाही असं समज. मग छोट्या वाक्यांचं इंग्रजी कर, सुरुवातीची दोन-तीन वाक्यं पाठ कर, आणि पडद्यावर लिहिलेलं वाचत बसू नकोस. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर ‘हे मी तपासलेलं नाही’ म्हणून मोकळी हो. मोठमोठे प्राध्यापक तेवढंही म्हणत नाहीत.

त्याआधी तुझ्याच कॉलेजात एक तालीम करून घे. आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांना भेट. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालासाठी मेंटर-मेंटी योजनेचं (एकेका शिक्षकाकडे काही विद्यार्थी सोपवण्याचं) काम त्यांना दाखवावं लागतं, त्यामुळे मेंटर शिक्षकांसमोर पंधरा मिनिटं मागितलीस तर आनंदाने देतील. तिथे जे आक्षेप निघतील तेच पुढे परिषदेत निघणार.

परिषद खरी आहे ना, तेही बघून घे. आपल्याकडे समुद्रकाठच्या हॉटेलांत दर हंगामात परिषदांचा सुकाळ असतो. दंतवैद्यकापासून व्यवस्थापनापर्यंत सगळे विषय एकाच पत्रकात, सारांश पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘निवड झाली’ म्हणून मेल, आणि खाली शुल्क भरायची लिंक, असं दिसलं तर पैसे भरू नकोस. आयोजक कोण, निवड समितीत कोण, आधीच्या वर्षी कोण बोललं, हे मॅडमना विचार. विद्यार्थ्यांसाठी सवलतीचं शुल्क आहे का आणि कॉलेज त्यातलं काही देईल का, हेही विचारायला लाजू नकोस. परदेशातल्या परिषदेचा विचार सध्या नको. व्हिसा, तिकीट, शुल्क हे सगळं खिशातून भरण्याइतकी घाई नाही.

आता नोकरीचं. प्रमाणपत्राच्या कागदावर कुणी नोकरी देणार नाही, हे स्पष्टच सांगते. आपल्याकडे शैक्षणिक सल्लागार हे वेगळं पद मुख्यतः खासगी विद्यापीठांतच असतं. साध्या कॉलेजात ते काम शिक्षकच करतात, आणि सहायक प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. लागणारच. परिषदेचा खरा फायदा ओळखींचा. तुझ्यासारखंच काम दुसऱ्या राज्यात कोण करतं ते कळेल, आणि उद्या पीएच.डी.चा विषय सुचायला हीच वही पुरेल. तेव्हा पेपर जरूर कर, पण त्यापायी नेटचा अर्ज चुकवू नकोस.