एकबारी रायफलसाठी कमी ताकदीची काडतुसे ठाण्यात घरी बनवता येतील का?

नाही. रायफलचा परवाना काडतुसे बनवण्याची मुभा देत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार त्यासाठी वेगळा परवाना लागतो.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी ‘काडतुसात दारू (स्फोटक भुकटी) कमी म्हणजे धोका कमी’ हा समज मला अधिक घातक वाटतो. दाब अपुरा पडल्यास गोळी नळीतच अडकते; नेहमीच्या धडाक्याऐवजी नुसता फुस्स आवाज होतो, नेमबाजाला बार फुकट गेल्यासारखे वाटते, आणि त्याने दुसरे काडतूस भरून चाप ओढला, की नळी फुगते किंवा चेहऱ्यापासून हातभर अंतरावर फुटते. (घोडबंदर रोडवरच्या सोसायटीतले शेजारी काय म्हणतील, हा प्रश्न निराळाच.) कमी ताकदीचा सरावच हवा असेल, तर नेमबाजी क्लबमध्ये दहा मीटरवर ४.५ मिलिमीटर छऱ्याची एअर रायफल चालवावी.