आरामखुर्चीचा वेत सैल पडलाय

प्रश्न : सासऱ्यांची शिसवी आरामखुर्ची आमच्याकडे आहे. बैठकीचा वेत मध्ये खोल गेलाय, तुटलेला मात्र दिसत नाही. सुतार म्हणतो, जाळी काढून प्लायवूड ठोकू, वर गादी टाका. दुसरा एक जण प्लास्टिकची जाळी लावून देतो म्हणतो. काय करावं? आणि वेत म्हणजे बारीक बांबूच ना? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, सुताराला आधी थांबवा.

मला दिसत नाही. अंधशाळेत चौदाव्या वर्षी खुर्च्या विणायला शिकलो, तेव्हापासून वेत हातातून सुटलेला नाही. त्यामुळे सांगतो ते बोटांना ठाऊक असलेलं आहे.

खुर्चीखाली हात घाला आणि चौकटीच्या कडेकडेने बोट फिरवा. वेत मध्ये तुटत नाही, जिथे पट्टी भोकात शिरते तिथे आधी तुटतो. सगळ्या पट्ट्या धड लागल्या तर खुर्ची उलटी करा. फडकं गरम पाण्यात बुडवून पिळा आणि जाळीवर खालच्या बाजूने अर्धा तास पसरून ठेवा. वरून नको, कारण वरची बाजू ही वेताची गुळगुळीत साल, ती पाणी घेत नाही. खालची बाजू उघडी, ती पिते. मग सावलीत एक दिवस आणि एक रात्र वाळू द्या. तोवर कुणालाही बसू देऊ नका, नातवंडांना तर मुळीच नाही. वाळताना पट्टी आखडते आणि जाळी पुन्हा ताणली जाते.

आता बांबूचं. बांबू गवतातला, आतून पोकळ. वेत माडा-पोफळीच्या कुळातला, आतून भरीव. पण माडासारखा स्वतःच्या बळावर उभा राहत नाही, काटेरी आकड्यांनी झाडं धरत वर चढतो. माडाप्रमाणेच त्याचं खोड वयाबरोबर जाड होत नाही, म्हणून लांबच लांब वेल जवळजवळ एकाच जाडीची मिळते. आपल्या सिंधुदुर्गाच्या जंगलातही वेत आहे. आसामात तर त्याच्या कोवळ्या कोंबांची भाजी करतात. भरीव असला तरी वेताच्या आत उभ्या बारीक नळ्या असतात. वीतभर तुकडा पाण्यात धरून वरून फुंका, खाली बुडबुडे येतील. सुगंधी तेलाच्या बाटलीत काड्या ठेवतात ना, त्याही बहुधा वेताच्याच. आणि दोरीचा मल्लखांब पूर्वी वेतावरच करत. चांगला वेत मिळेना, तेव्हा सुती दोरी आली. माणसाचं वजन पेलून वळणारी ही वेल आहे, तुमच्या बैठकीला तीच लावली आहे.

कडेला पट्ट्या तुटलेल्या निघाल्या तर मात्र नवीन विणावं लागेल. उभे, आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे आणि शेवटी दोन तिरपे, असे सहा फेरे. माझ्या गुरुजींनी पहिला आठवडा एकही पट्टी ओवू दिली नाही. नुसतं अंगठ्याचं नख पट्टीवरून फिरवायला लावलं. एका दिशेने नख सरळ जातं, उलट दिशेने पेरापाशी अडकतं. सरळ दिशेनेच ओढायची, नाही तर प्रत्येक भोकात सालीचा तूस निघतो. कारागीर शोधाल तेव्हा त्याला हे विचारा. जो लगेच नख फिरवून दाखवेल त्याला खुर्ची द्या.

प्लास्टिकची जाळी मी लावत नाही. ती सैल पडली की पाण्याने आवळत नाही, आणि चैत्र-वैशाखात पाठीला चिकटते. प्लायवूडने तर खुर्चीची हवाच बंद होते. जाळीवर वॉर्निशही लावू नका, पाणी शिरायची वाट बुजते आणि पुढच्या वेळी हा उपाय चालत नाही.

वाळल्यावर मधोमध टिचकी मारा. हलगीसारखा आवाज आला तर काम झालं. भदभद वाजलं तर एका बाजूची भोकं मोजून आकडा मला कळवा, किती वेत लागेल ते सांगतो.