क्रॉसओव्हर अभ्यासाच्या अनोव्हामधून इंटर-सब्जेक्ट सीव्ही कसा काढायचा?

तुमच्या हातात २×२ क्रॉसओव्हरचा (प्रत्येकाला दोन्ही औषधं दोन पीरियडमध्ये आळीपाळीने देणाऱ्या अभ्यासाचा) रिपोर्ट आहे, त्यात सीव्ही (सरासरीच्या तुलनेत आकड्यांचा पसारा) फक्त इंट्रा-सब्जेक्ट, म्हणजे एकाच माणसातला, दिलाय, आणि पुढचा अभ्यास पॅरलल (प्रत्येकाला एकच औषध) करायचाय. हवा तो इंटर-सब्जेक्ट, म्हणजे माणसामाणसातला, आकडा त्याच अनोव्हा तक्त्यातून (एकूण फरकाची कारणांनुसार विभागणी करणाऱ्या तक्त्यातून) निघतो.

नॅचरल लॉग घेतलेल्या एयूसीच्या (रक्तातल्या औषधाच्या आलेखाखालच्या क्षेत्राच्या) तक्त्यात दोन ओळी बघा: सब्जेक्ट-विदिन-सिक्वेन्स (औषधांचा क्रम सारखा असलेल्या माणसांमधला फरक) आणि रेसिड्युअल (उरलेला फरक). समजा २४ जण आहेत आणि सगळ्यांचे दोन्ही पीरियड पूर्ण झालेत. मग दोन्ही ओळींना २२ डिग्रीज ऑफ फ्रीडम असतील. पहिल्या ओळीचा मीन स्क्वेअर ०.३०, दुसरीचा ०.०४ धरू.

इथेच बहुतेक जण घसरतात. ०.३० हा थेट माणसामाणसातला व्हेरिअन्स समजून सीव्हीच्या (खाली दिलेल्या) सूत्रात घातला, की सीव्ही ५९.१% येतो, आणि तो चूक आहे. त्या ०.३० मध्ये रेसिड्युअल व्हेरिअन्स एकदा आणि इंटर-सब्जेक्ट व्हेरिअन्स दोनदा मिसळलेला असतो, कारण प्रत्येकाची मोजणी दोनदा झालेली असते. म्हणून आधी वजाबाकी, मग दोनने भागायचं: (०.३० − ०.०४) ÷ २ = ०.१३. आता ई चा ०.१३ वा घात घ्या, त्यातून १ वजा करा, वर्गमूळ काढा: ३७.३%. याच रीतीने ०.०४ वरून इंट्रा-सब्जेक्ट सीव्ही २०.२% येतो. तो रिपोर्टमधल्या आकड्याशी जुळतोय का, हे आधी तपासा. जुळत नसेल तर लॉग बहुधा १० च्या पायाचा आहे. मग दोन्ही मीन स्क्वेअरना ५.३०२ ने गुणून घ्या.

पॅरलल अभ्यासाच्या सॅम्पल साइझला मात्र टोटल सीव्ही लागतो. ३७.३ आणि २०.२ यांची बेरीज करू नका. बेरीज व्हेरिअन्सची होते: ०.१३ + ०.०४ = ०.१७, म्हणजे ४३.०%. नुसता इंटर-सब्जेक्ट सीव्ही वापरलात तर माणसं कमी पडतील.

रिपोर्टमध्ये तक्ताच नसेल पण प्रत्येकाची एयूसी दिली असेल, तर एक्सेल पुरतं. प्रत्येकाच्या दोन पीरियडच्या लॉग किमतींची बेरीज एका कॉलममध्ये, वजाबाकी दुसऱ्यात. दोन्हींचा व्हेरिअन्स सिक्वेन्सनुसार वेगवेगळा काढा, डिग्रीज ऑफ फ्रीडमच्या वजनाने एकत्र करा, दोनने भागा. बेरजेवरून सब्जेक्टचा मीन स्क्वेअर मिळतो, वजाबाकीवरून रेसिड्युअल. सगळ्यांचा व्हेरिअन्स एकदम काढलात तर दोन सिक्वेन्समधला फरक आत शिरतो आणि आकडा फुगतो.

कुणी एकच पीरियड करून गळाला असेल, तर दोनने भागणं बरोबर ठरत नाही. सॅस या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या प्रॉक जीएलएममध्ये रँडम स्टेटमेंट दिलं की खरा गुणक छापून येतो आणि तो २ पेक्षा कमी असतो. अशा वेळी मी सरळ प्रॉक मिक्स्ड सुचवेन: सब्जेक्ट रँडम, पद्धत आरईएमएल (व्हेरिअन्सचा अंदाज काढण्याची एक रीत). त्याच्या कोव्हेरिअन्स पॅरामीटर तक्त्यात इंटर-सब्जेक्ट व्हेरिअन्स तयारच मिळतो, तो पुन्हा दोनने भागू नका.

कधी वजाबाकी ऋण येते. थोड्या लोकांत, इंट्रा-सब्जेक्ट फरक मोठा असेल तर असं होऊ शकतं. मिक्स्ड त्याला शून्य दाखवतं. त्या शून्यावर पॅरलल अभ्यास बेतू नका. त्याच औषधाचा दुसरा अभ्यास मिळाला तर दोन्हींचे व्हेरिअन्स डिग्रीज ऑफ फ्रीडमच्या वजनाने एकत्र करून घ्या.