पगार कमी की बरोबर? नव्या गुरुजींना दोन शब्द

सर, बेळगाव जिल्ह्यातल्या, म्हणजे कर्नाटकातल्या, खानापूर तालुक्यात रुजू झालात, अभिनंदन! पहिला पगार हातात आला की पहिली चूक सगळ्यांची एकच. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मित्राच्या बेसिकशी (मूळ पगाराशी) आपलं बेसिक ताडून बघायचं. तसं करू नका. कर्नाटकात सातवा राज्य वेतन आयोग 1 ऑगस्ट 2024 पासून लागू झाला, तेव्हा 31 टक्के महागाई भत्ता मूळ पगारातच मिसळला आणि वर 27.5 टक्के वाढ दिली. किमान बेसिक 17,000 वरून 27,000 झालं. महाराष्ट्रात भत्ता वेगळा दिसतो, म्हणून तिकडचं बेसिक लहान वाटतं. तुलना करायचीच तर एकूण पगाराची करा.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:
- पे स्लिप दरमहा उघडून वाचा. एनपीएसमध्ये (राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजनेत) तुमचे 10 टक्के कापले जातात, सरकार 14 टक्के घालतं. दोन्ही जमा झाले का, ते बघा.
- केजीआयडीचा (कर्नाटक सरकारच्या विमा खात्याचा) विमा हप्ता सुरू झाला का, ते विचारा.
- सेवा पुस्तकातली नोंद स्वतः वाचा. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसातला कागद कन्नडमध्ये असतो. न समजता सही करू नका, शेजारच्या सहकाऱ्याकडून वाचून घ्या.

पगार न्याय्य आहे का? कायम शिक्षकाचा, माझ्या मते, बऱ्यापैकी आहे. पण शेजारच्या वर्गात तेच धडे शिकवणाऱ्या अतिथी शिक्षिकेला नुसतं मानधन मिळतं, निवृत्तीवेतन नाही. हा उघड अन्याय आहे. संघटनेच्या बैठकीत तिचा प्रश्न आधी मांडा.

वेतनवाढ, बढती हे पुढच्या वर्षी बोलू.