रीलोडिंगचं सामान तिकडेच विका, रॉड मात्र आणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेक्सासहून कायमचे चिपळूणला परत येताय. तिकडे हरणाची शिकार, फिशिंग आणि गॅरेजमध्ये स्वतः काडतुसं भरणं (रीलोडिंग) हे तीन छंद होते. यातलं इथे काय चालेल, कंटेनरमध्ये काय भरावं, आणि बारा वर्षांच्या मुलाला सोबत घेता येईल का?

शिकार डोक्यातून काढून टाका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करता यायची, 1991 च्या दुरुस्तीने ती वाटही बंद झाली. रानडुकरांसाठी वनखातं कधीकधी परवानगी देतं, पण ती पीक गेलेल्या शेतकऱ्यासाठी असते, हौशी बंदूकवाल्यासाठी नव्हे. गावात कुणी "रात्री सशाला येता का" म्हणालं तर सरळ झोपायला जा.

रीलोडिंगचंही तेच. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. नुसता बंदुकीचा परवाना पुरत नाही, आणि घरच्या छंदासाठी तो वेगळा परवाना मिळेल अशी आशा धरू नका. प्रेस, डाय, वजनकाटा सगळं तिथल्याच कुणाला तरी विका. निघण्याआधी प्रत्येक बॅगेचा आणि जुन्या जॅकेटचा खिसान् खिसा उलटा करून बघा. विसरून राहिलेलं एक जिवंत काडतूस विमानतळावर सापडलं की पोलिस केस होते, आणि "लक्षात राहिलं नाही" हे पटवून देण्यात महिने जातात.

नेमबाजीची हौस असेल तर वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडी आहे. पण भरण्याचा नाद तिथेही पुरा होणार नाही. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये ज्या 50 मीटर प्रकारात कांस्य मिळवलं, त्यात पॉइंट टू टूची रिमफायर गोळी असते. तिची ठिणगीची दारू कडेच्या घडीतच भरलेली असते, त्यामुळे ती पुन्हा भरता येत नाही.

आता मासे. माझं मत विचाराल तर रीलोडिंग करणारा माणूस खाडीवर लवकर रमतो. दारूचं वजन, गोळीची लांबी, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत नोंद करायची ही सवय तुम्हाला आहेच. इथे शिशाचं वजन, लीडरची (गरीजवळच्या जाड दोऱ्याची) लांबी आणि भरतीची वेळ यांच्याशी तोच खेळ खेळा.

भरतीसाठी ॲप आहेतच, पण आमच्याकडचे जुने लोक अजून तिथीवर चालतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकराच्या आसपास, दिवसा आणि रात्रीही. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास, पाण्याला ओढ फार, हलकं शिसं तळाला टिकतच नाही. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, पाणी सुस्त. मी नवख्याला या दोन्हींच्या मधले दिवस सुचवतो, भरतीचं पाणी चढू लागल्यापासून दोनेक तास.

वाशिष्ठी तुमच्या दारातच आहे, पण चिपळूणच्या आसपास गुडघाभर पाण्यातही उभं राहू नका, नदीत मगरी आहेत. शिवाय कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी याच नदीत येतं, त्यामुळे पातळी पाऊस नसतानाही चढते. त्यापेक्षा खाली दाभोळ किंवा अंजनवेलला या, जिथे खाडी समुद्राला मिळते. जिताडा, तांबोशी, गोबरा, शेंगाळा, नशीब असेल तर रावस. जिताड्याला जिवंत बोय किंवा मोठी कोळंबी लावा. त्याच्या कल्ल्यांची कड पात्यासारखी धारदार असते, म्हणून लीडर जाड हवा आणि हात कल्ल्यात घालायचा नाही. तांबोशी गरी लागताच खडकात घुसते, तेव्हा सैल सोडलीत की गेली. शेंगाळ्याच्या पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन काटे विषारी. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा आणि डॉक्टर गाठायचा.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. काठावरून गरवणाऱ्याला ती लागू नाही, पण त्या दिवसांत ओल्या कातळावर जाण्यात शहाणपण नाही. 2023 मध्ये राज्य सरकारने 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिलेत, ती यादी मोबाइलमध्ये ठेवा. गोड्या पाण्यात जाणार असाल तर आधी चौकशी करा. बहुतेक धरणांतली मासेमारी ठेक्याने सहकारी संस्थांकडे असते, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकला की भांडण ठरलेलं. महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडीत मोठाले महसीर दिसतील, ते देवाचे मासे. तिथे हवं तर त्यांना चुरमुरे घाला, रॉड गाडीतच राहू द्या.

सामानात दहा-बारा फुटी सर्फ रॉड, खाऱ्या पाण्याची रील आणि ब्रेडेड लाइन आणा. गऱ्या, शिसं, तंगूस (नायलॉनचा दोरा) इथे स्वस्तात मिळतं. घरी आलात की रील दर वेळी गोड्या पाण्याने धुवा. मुलाला रॉड लगेच देऊ नका. तंगुसाची हातगरी आणि कोळंबीचा बारीक तुकडा देऊन जेटीवर बसवा, मुडदुसे आणि काळुंदर लागतील. त्याला पोहता येतं म्हणून लाइफ जॅकेट टाळू नका, घालाच.